कारण : वैयक्तिक

हॉस्पिटलमधल्या पहिल्याच दिवशी मी चुकीच्या मजल्यावर उतरले. पाठीवर गिटार, हातात सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाला रुजू होण्याचं पत्र आणि समोर एकसारखे दिसणारे तीन कॉरिडॉर. संगीतोपचार विभाग कुठे आहे हे विचारायला एका उघड्या दारापाशी गेले, तर दारातच एक बाई उभ्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, केस नीट विंचरलेले, आणि दोन्ही पाय जमिनीला खिळल्यासारखे.

"जरा आत जाऊ देता का?" मी म्हटलं.

"मला जाता आलं तर तुला देईन ना, मुली," त्या म्हणाल्या.

त्यांच्या पलीकडे, खोलीत, एक उंच तरुण दोन्ही हात पुढे करून उभा होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, गळ्यात स्टॉपवॉच. "ढकलू नका हं त्यांना," तो मला म्हणाला. "कंपवात आहे. दार आलं की पाय अडतात. थांबायचं फक्त."

मग आम्ही तिघंही थांबलो. त्याने बाईंच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. मी खाली पाहिलं, तर तो जमिनीकडे बघत होता. अवघडले की माझी बोटं स्वस्थ बसत नाहीत. ती आपोआप चौकटीवर वाजायला लागली... टक-टक, टक-टक. आणि बाईंचा उजवा पाय उचलला. मग डावा. त्या थेट आत गेल्या आणि खुर्चीत बसल्या.

"काय केलंत तुम्ही?" त्याने विचारलं.

"काही नाही... मी चुकलेय," मी म्हटलं. "मला वरच्या मजल्यावर जायचं होतं."

तो हसला. पुढे सहा आठवडे मी त्या हसण्याचा अर्थ लावत होते.

तो फिजिओथेरपिस्ट होता. बाई त्याला 'मास्तर' म्हणायच्या, म्हणून मीही मनातल्या मनात मास्तरच म्हणायला लागले. आमच्या विभागाच्या मॅडमनी चौकटीची गोष्ट ऐकली आणि रोज सकाळी दहा वाजता मला त्याच्या हॉलमध्ये पाठवायचं ठरवलं. मी गिटार वाजवायची, बाईंनी तालावर चालायचं, त्याने पावलं मोजायची. बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, छत्तीस वर्षं. हॉस्पिटलमध्ये येईपर्यंत धाकट्या बहिणीबरोबर राहायच्या. बहीण स्वतः अडुसष्टची, गुडघ्यांनी हैराण. थोरली दारात अडून पडली तर धाकटी उचलणार कशी? म्हणून डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं : सहाव्या आठवड्याच्या शुक्रवारी चाचणी. एकटीने दार ओलांडता आलं तर घरी, नाहीतर वृद्धाश्रमात.

"तिथे मला कुणी बोलू देणार नाही," बाई म्हणायच्या. "आणि धाकटीशी भांडल्याशिवाय मला जेवण जात नाही."

मास्तरला तालाचं काडीचं अंग नव्हतं. तो टाळी वाजवायचा ती नेमकी दोन पावलांच्या मध्ये.

"तुम्ही हे मुद्दाम करता का?" मी एकदा विचारलं.

"नाही हो. मनापासून वाजवतोय."

"मग मन जरा डावीकडे सरकवा."

"कुठे, तुमच्या बाजूला?" तो म्हणाला, आणि लगेच स्टॉपवॉचचं बटण दाबून वहीत काहीतरी लिहायला लागला.

आता याला काय म्हणायचं? थट्टा? की उगाच बोलून गेला? मी चुकीचा सूर छेडला आणि बाई जागच्या जागी थांबल्या. "मास्तर," त्या शांतपणे म्हणाल्या, "चालणारी मी आहे. माझ्याकडे लक्ष द्या."

दिवसभर गाऊन माझा घसा बसला, तेव्हा त्याने न बोलता लिंबाच्या गोळ्यांचं पाकीट माझ्या गिटारच्या पिशवीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर तसंच पाकीट वॉर्डातल्या सिस्टरच्या टेबलावरही. एकदा खिडकीवर पावसाची बारीक रिपरिप चालू होती, बाई चुकून त्या थेंबांच्या तालावर पाय टाकत होत्या, आणि तो म्हणाला, "ऐकतेस ना तू..." मग दचकून, "म्हणजे, ऐकताय ना तुम्ही?" त्या 'तू'चं मी काय करावं? दिवसभर बरोबर घेऊन हिंडले.

"त्याला तू आवडतेस की नाही?" माझ्या ताईने घरी विचारलं.

"माहीत नाही."

"तुला तो आवडतो?"

"तेही नीट... माहीत नाही."

"मग तुम्ही दोघं सहा आठवडे करताय तरी काय?"

"चालायला शिकवतोय," मी म्हटलं. ताईने कपाळाला हात लावला.

शेवटच्या आठवड्यातल्या मंगळवारी दुपारी बाई वॉर्डातून एकट्या निघाल्या आणि बाथरूमच्या दारात अडल्या. तोल गेला. सिस्टरने धरलं म्हणून डोकं आपटलं नाही. मी धावत गेले तेव्हा त्या पलंगावर बसून बाथरूमच्या दाराकडे बघत होत्या.

"तू नव्हतीस," त्या मला म्हणाल्या. रागाने नाही, नुसतं सांगितल्यासारखं. सहा आठवडे मी त्यांना चालायला नाही, माझ्या गिटारमागे यायला शिकवलं होतं. आणि शुक्रवारी मी गिटार घेऊन निघून जाणार होते.

बुधवारी दहा वाजता हॉलमध्ये मास्तर नव्हता. त्याच्या जागी एक वयस्क फिजिओ मॅडम होत्या.

"ते आजारी आहेत का?"

"नाही, खालच्या मजल्यावर आहेत. या सेशनमधून काढा म्हणून कालच त्यांनी लेखी दिलंय."

कालच. म्हणजे मंगळवारी. म्हणजे बाई पडता पडता वाचल्या त्या दिवशी. बरोबरच होतं त्याचं. चूक माझी होती, आणि माझ्या चुकीजवळ त्याने का उभं राहावं? दुपारी तो लिफ्टमध्ये दिसला. मी तडक जाऊन विचारलं, "माझ्यावर रागावलात का?"

"मी? नाही... तसं नाही. शुक्रवारनंतर सांगतो."

"काय सांगणार?"

"आत्ता सांगणं बरोबर नाही," तो म्हणाला, आणि लिफ्टचं दार लागलं. मी जिन्याने वर आले. दोन मजले चढून गेल्यावर लक्षात आलं, मला खाली जायचं होतं.

पण रडत बसायला वेळ नव्हता, दोनच दिवस हातात होते. मी गिटार कपाटात ठेवून दिली आणि बाईंजवळ बसले. "तुम्ही दिवसभर कामावर काय बोलायचात?"

"तेच तेच. 'नमस्कार, बोला. कुठे जोडून देऊ?'"

"पुन्हा म्हणा."

त्यांनी म्हटलं. छत्तीस वर्षं म्हटलेलं वाक्य होतं ते, आवाज वर जायचा, खाली यायचा, अगदी मोजून. मी त्याला थोडा सूर दिला, तो त्यांनी नाक मुरडून बदलून घेतला. "इतकं गोड नाही बोलायचं. लोक फोन ठेवत नाहीत मग." एकेका तुकड्याला एकेक पाऊल. मोठ्याने, मग पुटपुटत, मग नुसतं मनात. गुरुवारी संध्याकाळपर्यंत दहा वेळांत सात वेळा जमत होतं. तीन वेळा नाही.

शुक्रवारी डॉक्टर, फिजिओ मॅडम आणि धाकटी बहीण हॉलच्या आत. मला बाहेर, भिंतीला टेकून गप्प राहायची सूचना. बाई माझ्यासमोरून गेल्या, दारापाशी आल्या... आणि थांबल्या. मी माझी बोटं मुठीत घट्ट दाबून धरली. पाच सेकंद. दहा. आतून बहिणीचा आवाज आला, "ताई, येतेस की मी जाऊ?"

"लाइन लागत नाहीये, दम धर," बाई म्हणाल्या. मग त्यांचे ओठ हलले. उजवा पाय. डावा. त्या आत गेल्या, आणि फिरून त्याच दारातून बाहेरही आल्या, माझ्यापर्यंत. माझ्या गालाला हात लावला. तो हात थरथरत होता, पण तो तर नेहमीच थरथरायचा.

दुपारी आमच्या मॅडमनी माझं मूल्यमापन हातात ठेवलं. गुण चांगले होते. फिजिओच्या रकान्यात सही वयस्क मॅडमची होती, आणि मागे मंगळवारच्या तारखेचा एक कागद टाचलेला. मास्तरचं अक्षर. 'या विद्यार्थिनीचं मूल्यमापन मी करू शकत नाही. कृपया दुसऱ्या कुणाला नेमावं. कारण : वैयक्तिक.'

"वैयक्तिक म्हणजे काय, म्हणून मी विचारलं," मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या. "तर त्याचे कान लाल झाले. मी पुढे विचारलं नाही. तुला विचारायचं असेल तर तो बसस्टॉपवर आहे."

मी पळत गेले की चालत, आठवत नाही. तो खरंच तिथे बाकावर बसला होता, छत्री मिटून, पाऊस पडत असूनही.

"वैयक्तिक म्हणजे?" मी धापा टाकत विचारलं.

"मंगळवारी सकाळी तुमचा फॉर्म आला," तो म्हणाला. "दहापैकी गुण द्यायचे होते. मी प्रत्येक ठिकाणी दहा दिले. वक्तशीरपणालासुद्धा."

"मी रोज उशिरा यायचे."

"तेच. मग मला कळलं की मला काय झालंय. असं असताना सही करणं बरोबर नव्हतं. आणि सही होण्याआधी तुम्हाला सांगणंही..."

"मला वाटलं, बाई पडल्या म्हणून तुम्ही..."

"ते तर मला संध्याकाळी समजलं." तो गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. "माझ्या मनातलं तुम्हाला कळलं नव्हतं? मला वाटलं, सगळ्या वॉर्डाला कळलंय."

"मला सहा आठवडे काहीही कळत नाहीये. अजूनही नीट कळलेलं नाही. तुम्ही एकदा सरळ सांगा."

त्याने सरळ सांगितलं. तीनच शब्द, तेही अडखळत, आणि त्यात 'तू' होतं. या वेळी त्याने ते दुरुस्त केलं नाही. मी म्हटलं, "मलाही... बहुतेक." मग म्हटलं, "बहुतेक नाही. मलाही."

एक बस आली आणि गेली. दुसरीही गेली. तिसरीत मी चढले तेव्हा तो माझ्या मागोमाग चढला, आणि माझ्या स्टॉपपर्यंत आला. त्याचं घर उलट्या दिशेला आहे, हे त्याने मला पुढच्या आठवड्यात सांगितलं.