सात पट्ट्यांची निळी साडी

एका पत्राचं उत्तर मी दहा वर्षं दिलं नाही.

ते इंदूरहून आलं होतं, फेब्रुवारी २००० मध्ये. निळं अंतर्देशीय पत्र. ते मी जाड शब्दकोशाच्या शेवटच्या पानाशी ठेवलं आहे, आणि शब्दकोश काढताना अजूनही हात जरा थांबतो. पत्रात वडिलांचं दुखणं आहे, भावाच्या घराच्या गच्चीचं वर्णन आहे, आणि शेवटी, घडीच्या आतल्या पट्टीवर, बारीक अक्षरात लिहिलं आहे — ‘एका साडीच्या चित्राला तुम्हाला पाच आठवडे का लागले? खरं काय ते लिहा. वाट पाहते. – मोहना.’

उत्तर मला ठाऊक होतं. शोधायचं काहीच नव्हतं. म्हणूनच तर भीती वाटली.

मी आता बासष्ट वर्षांचा आहे. लग्न केलं नाही, म्हणजे करायचं नव्हतं असं नाही… कुणाला विचारलं नाही, एवढंच. जे सांगणार आहे त्याला प्रेमकथा म्हणावं की नाही, याचीही मला खात्री नाही. ते तुम्ही वाचणाऱ्यांनी ठरवावं.

पंचवीस वर्षं मी बडोद्याच्या एका छापखान्यात पानं लावली. छापखाना बंद झाला तेव्हा एक्कावन्नाव्या वर्षी मला काम दिलं ते हार्दिकनं. सव्वीस वर्षांचा मुलगा, अलकापुरीत दुसऱ्या मजल्यावर त्याचं वेबसाइटचं ऑफिस. तीन कॉम्प्युटर, एक मोडेम आणि मी. “काका, तुम्हाला रंग कळतात. बाकी सगळं शिकाल,” तो म्हणाला. शिकायला माझी ना नव्हती. बटण चुकीचं दाबलं जाईल याची मात्र रोज भीती वाटायची. कॉम्प्युटरबरोबर आलेलं जाड पुस्तक मी घरी नेऊन कादंबरीसारखं वाचायचो.

नोव्हेंबर नव्व्याण्णव. दिवाळी नुकतीच झाली होती. लहरीपुऱ्यातलं भास्कररावांचं साड्यांचं दुकान परदेशातल्या गिऱ्हाइकांसाठी वेबसाइट करून घेत होतं. फोटो काढायला खरं तर हार्दिक जाणार होता. त्याची स्कूटर पंक्चर झाली, म्हणून कॅमेरा माझ्या गळ्यात आला.

दुकानात गादीवर भास्कररावांच्या जागी एक बाई बसल्या होत्या. चाळिशी ओलांडलेल्या, केसांत एक रुपेरी बट, आणि ती लपवायचा काही प्रयत्न नाही.

“फोटोवाले तुम्हीच ने?”

“हो… म्हणजे फोटोवाला नाही. कॉम्प्युटरवर—”

“बसा, बसा. आधी पाणी घ्या. तुम्ही घाबरलायत का?”

“नाही.”

“मग कॅमेरा उलटा का धरलाय?”

मी कॅमेरा सुलटा केला. त्या हसल्या नाहीत, पण डोळे हसत होते, आणि ते मला जास्त अवघड गेलं.

त्या भास्कररावांच्या थोरल्या कन्या, मोहना. वडिलांचे गुडघे गेल्यापासून दुकान त्याच पाहायच्या. त्यांनी एक साडी उलगडली. काठाशी दौतीतल्या शाईसारखी गडद निळी, वर जाता जाता उजळत उजळत पदराशी जवळजवळ पांढरी.

“निळा कुठं संपतो, बोट ठेवून दाखवा,” त्या म्हणाल्या.

मी बोट फिरवत गेलो. कुठंच थांबता येईना. दुसऱ्या टोकाला त्यांच्या हातात साडी होती, माझं बोट त्यांच्या बोटांपाशी जाऊन पोचलं, आणि मी ते चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

“बाबांनाही नाही सांगता येत,” त्या म्हणाल्या. “चाळीस वर्षं विकतायत.”

हार्दिकचा एक नियम होता. प्रत्येक चित्र जिफ नावाच्या प्रकारात करायचं आणि त्यात सोळाच रंग ठेवायचे, म्हणजे चित्र हलकं होतं आणि परदेशातल्या माणसाला ते उघडण्याची वाट पाहावी लागत नाही. मी नियम पाळला. बटण दाबलं आणि त्या साडीचे तुकडे पडले. काही रंग काठानं खाल्ले, काही मागच्या भिंतीनं, आणि निळ्याच्या वाट्याला उरले सात. जिथं बोट थांबत नव्हतं तिथं आता सात पट्टे होते, एकाखाली एक, पायऱ्यांसारखे. तिसरा तर बिचारा चिंचोळाच राहिला होता. हार्दिकनं ते तसंच वेबसाइटवर चढवलं. “चालेल काका. नंतर सुधारा.”

त्या रात्री घरी पुस्तक उघडलं, तर एकशे सत्तराव्या पानावर स्पष्ट लिहिलेलं — रंग हळूहळू बदलत जाणारी छायाचित्रं जिफमध्ये ठेवू नयेत, जेपेग नावाच्या प्रकारात ठेवावीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात कुणी यायच्या आत मी करून पाहिलं. एक मिनिटही लागलं नाही. पडद्यावर साडी जशीच्या तशी आली, कुठंही न तुटता. मी ती फ्लॉपीवर घेतली आणि फ्लॉपी खिशात टाकली. आता फक्त दुकानात फोन करून सांगायचं होतं, की झालं.

झालं, म्हणजे पुन्हा लहरीपुऱ्यात जायचं कारण संपलं.

मी फोन केला. “अजून जमत नाहीये,” मी म्हणालो. “छापून आणतो. साडीशी ताडून पाहावं लागेल… दिवसाच्या उजेडात.”

“या ने,” पलीकडून आवाज आला. “चारला ऊन ओट्यावर येतं.”

असे पाच आठवडे गेले. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी सात पट्ट्यांचं चित्र थोडं इकडे तिकडे करून, कागदावर छापून न्यायचो. कधी पट्ट्यांच्या सांध्यावर ठिपके शिंपडायचो, कधी रंग हातानं निवडायचो. खरं सांगायचं तर, ते जिफ सुधारण्याचा मी अगदी मनापासून प्रयत्न करत होतो. चोरानं घर झाडून काढावं तसा. फ्लॉपी सगळा वेळ शर्टाच्या खिशात असायची. तिचा काळा कोपरा बाहेर दिसतोय असं वाटून मी सारखा खिशावर हात ठेवायचो.

“छातीत दुखतंय का तुमच्या?” त्यांनी एकदा विचारलं.

“नाही. सवय आहे.”

समोर रस्त्यावर पतंगाचा मांजा रंगवणारे दोन खांबांमध्ये दोऱ्या ताणून उभे असायचे, हात कोपरापर्यंत गुलाबी. आम्ही ओट्यावर साडीची दोन टोकं धरून उभे. मधे कागद.

“आज काय वाईट आहे?” त्या विचारायच्या.

“चौथा पट्टा.”

“मला तर आवडायला लागलाय चौथा पट्टा.”

“तो असायलाच नको.”

“तुमचं सगळं असंच का हो, दत्तात्रेयभाई? जे आहे ते असायला नको…”

तो भाई मला टोचायचा. आमच्या गावात वाण्यापासून डॉक्टरपर्यंत सगळेच भाई, त्यात काही अर्थ नसतो, हे कळत होतं. तरी टोचायचा. मला मात्र त्यांना बेन म्हणता येईना. नुसतं नावानं हाक मारायची तर छाती नाही. त्या पाच आठवड्यांत मी त्यांना कोणत्याच नावानं हाक मारली नाही. ‘अहो’ म्हणायचो आणि पुढं खोकायचो.

पाचव्या आठवड्यात ऑफिसात एक ईमेल आली. लेस्टरच्या कुणी ज्योत्स्नाबेन. लिहिलं होतं, मुलीच्या सीमंतासाठी, म्हणजे डोहाळजेवणासाठी, तुमची सात पट्ट्यांची निळी साडी हवी. पट्टे फार सुंदर आहेत, असे कुठं पाहिले नाहीत. पैसे पाठवले आहेत.

हार्दिक आनंदानं खुर्चीत गोल फिरला. मी ती ईमेल पुन्हा वाचली. ती साडी जगात नव्हतीच. परदेशातून आलेली दुकानाची पहिली मागणी, आणि ती माझ्या चुकीला आलेली. चूक नव्हे… चूक एक दिवसाची होती. बाकीचं मी जाणूनबुजून ठेवलं होतं. सगळीकडे तेव्हा एकतीस डिसेंबरला कॉम्प्युटर बंद पडणार अशी चर्चा होती. लहरीपुऱ्यापर्यंत चालत जाताना मी मनात म्हणत होतो, आजच पडोत.

त्या ओट्यावरच होत्या. मी ईमेलचा कागद पुढं केला.

“ही साडी आपल्याकडे नाही,” मी म्हणालो. “हे पट्टे… हे कॉम्प्युटरनं पाडले. रंग कमी पडले म्हणून. दोष माझा आहे. तुम्ही त्यांना पैसे परत करा, मी हार्दिकला सांगून—”

“थांबा जरा.” त्यांनी कागदावरचं चित्र उन्हात धरलं. बोट ठेवून मोजलं. “सात. आणि हा तिसरा असा बारीक का?”

“त्याला जागा उरली नाही.”

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग चित्राची घडी करून कमरेला खोचली.

“आमचा रंगारी करेल,” त्या म्हणाल्या. “आता नाही म्हणायला कशाला जायचं त्या बाईंना? नसलेली गोष्ट आवडली कुणाला, तर ती करावी.”

“पण तिसरा पट्टा नीट करून घ्या. सारखा.”

“नाही हं. आलाय तसाच राहणार तो.”

खिशातली फ्लॉपी दाखवायची वेळ तीच होती. हात खिशावर गेलाही. मला वाटलं, हे सांगितलं तर ओट्यावरचं हे ऊनही जाईल… मी हात खाली घेतला.

संक्रांतीच्या आधी साडी तयार झाली आणि लेस्टरला गेली. तिचा फोटो वेबसाइटवर घालायला मोहनाबाई स्वतः अलकापुरीला आल्या. हार्दिक खुर्चीवर बसला.

“आणि ती आधीची शेडवाली साडी?” त्यांनी विचारलं. “ती कधी नीट दिसणार?”

“अरे, ती अजून तशीच आहे? त्यात काय, मोहनाबेन. काका, तो मूळ फोटो कुठं आहे?” त्यानं तो उघडला, दोन बटणं दाबली, वळून म्हणाला, “लो. थई गयुं. झालं.”

पडद्यावर निळा रंग पांढऱ्यापर्यंत सलग वाहत गेला. मोहनाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी टेबलावरच्या पेन्सिली सारख्या करत होतो. मग त्या पिशवी उचलून निघाल्या. ते घड्याळाकडे पाहणं मला महिनाभर दिसत होतं.

त्यानंतर मी दुकानात गेलो नाही. जायला कारण नव्हतं, आणि कारणाशिवाय जायची भीती होती. जानेवारीअखेर कळलं, भास्कररावांना अर्धांगाचा झटका आला, इंदूरचा मुलगा न्यायला आलाय, दुकान बंद होतंय. तेव्हा गेलो. अर्धं शटर खाली होतं. आत गठ्ठे बांधलेले.

“आलात,” त्या म्हणाल्या. “काही सांगायचंय का, दत्तात्रेय?”

भाई नव्हता. मी ते ऐकलं. जागच्या जागी कान तापले माझे, आणि तोंडातून आलं काय — “प्रवास सुखाचा होवो.”

“हं,” त्या म्हणाल्या. “चाय पिऊन जा.”

चहा प्यालो. पंधरा दिवसांनी ते निळं पत्र आलं.

त्याला उत्तर लिहायला मी कितीदा बसलो, सांगत नाही. खरं लिहावं तर पाच आठवडे मी त्यांना फसवलं होतं. आणि ते का, हे लिहावं तर… समजा त्यांनी नुसतंच कुतूहलानं विचारलं असलं? समजा हसल्या? उत्तर गेलं नाही तोवर निदान नकारही येणार नव्हता. असं म्हणत म्हणत एक वर्ष गेलं, आणि वर्षानंतर उशिराचीच लाज वाटायला लागली. ती दरवर्षी वाढत गेली.

परवा मंगळवारी बँकेत पेन्शनच्या रांगेत होतो. पुढं एक बाई, निळ्या साडीत. मी सहज पट्टे मोजले. सात. तिसरा चिंचोळा.

अनोळखी बाईशी मी आयुष्यात आपणहून बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो.

“ही साडी… कुठली हो?”

“इंदूरची. माझी नणंद आहे तिथं.” बाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. “तिथं एक बाई एकट्याच दुकान चालवतात, आपल्या बडोद्याच्याच आहेत. दरवर्षी हीच साडी करतात, ह्याच रंगात. मी म्हटलं त्यांना, हा एक पट्टा बारीक झालाय, जरा भावात कमी करा. तर म्हणाल्या, तो तसाच आला होता, त्याला हात लावायचा नाही. कमी पण नाही केले.”

“दुकानाचं नाव?”

त्यांनी पिशवी दाखवली. पत्ता पत्रातल्या गल्लीचाच होता. मी रांग सोडून घरी आलो.

फ्लॉपी शोधायला वेळ लागला नाही, ती कुठं आहे हे मी कधी विसरलोच नव्हतो. आता ती वाचणारं यंत्र कुणाकडे असेलसं वाटत नाही. म्हणून तिच्यावरची तारीख मी पत्रातच लिहिली.

‘मोहना, चित्र दुसऱ्याच दिवशी झालं होतं. १७ नोव्हेंबर १९९९, सकाळी पावणेदहा. सोबत पाठवत आहे. बाकीचे पाच आठवडे मी तुम्हाला भेटायला येत होतो. अजूनही चारच्या उन्हात यावंसं वाटतं. इंदूरला ओटा आहे का, ते कळवा. – दत्तात्रेय.’

पुन्हा वाचलं नाही. वाचलं असतं तर फाडलं असतं.

पोस्टात खिडकीवरच्या मुलीनं जाड पाकीट हातात घेऊन दाबून पाहिलं. “काका, अंदर शुं छे?”

“एक चित्र आहे.”

“वाकवायचं नाही ने?”

“नाही,” मी म्हणालो. “जरा सांभाळून.”

तिनं शिक्का उचलला. मला अजून म्हणता आलं असतं, की राहू द्या, उद्या येतो. तोंड उघडलंही होतं. शिक्का पडला. पाकीट मागच्या पिवळ्या टोपलीत गेलं, दुसऱ्या पाकिटांच्या वर. मुलीनं पावती पुढं सरकवली, ती मी शर्टाच्या खिशात ठेवली, आणि बाहेर पायऱ्यांवर येईपर्यंत माझा हात त्या खिशावरच होता.