तीनशे सदुसष्ट भोकं

माझं शिलाई मशीन पुढच्या खोलीत, खिडकीला लागून आहे. दिवसभर लोकांचे कपडे उसवायचे, शिवायचे. कविता मला कुणी शिकवली नाही. कटिंगच्या कागदांचे तुकडे उरतात, त्यांवर ती उमटत गेली. बाहीच्या मुंढ्यातून निघालेल्या तुकड्यावर लिहायचं म्हटलं की ओळ फार लांबत नाही, एवढा फायदा.

मागच्या खोलीत माझी लेक आणि तिची दोन महिन्यांची मुलगी. त्या खोलीच्या दाराला आत्यानं, मला वाढवलेल्या माझ्या आत्यानं, पत्र्याची जुनी चाळण टांगली होती.

"बाहेरचं काही आलं तर त्याला आधी भोकं मोजावी लागतात," ती म्हणाली. "मोजल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही."

"आणि मोजून झाली तर?"

"मोजलेली वस्तू मोजणाऱ्याची. म्हणून तर पुरं मोजू द्यायचं नाही."

उपाय सोपा होता. दारावरून जाताना कुठलाही आकडा मोठ्यानं म्हणायचा, की त्याची मोजणी चुकते. लेक दुपटी वाळत घालायला निघाली की "ब्याण्णव!" म्हणायची. जावई सुट्टीला आला तेव्हा त्यानं "पावणेतेरा!" ठोकलं.

"जावईबापू, पावणे कशाला?" आत्या म्हणाली. "त्याला काय कापड फाडून द्यायचंय?"

दुपारी घर निजलं की चाळणीवर बारीक टिकटिक ऐकू यायची. नखानं पत्रा टोकावा तशी, एका लयीत. ऊन लागलं की पत्रा तापतो, फुगतो, एवढं मला कळतं. मी खाकरले की टिकटिक थांबायची आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू व्हायची. तेही पत्र्याचंच काम, असं मी धरून चालले.

त्यातूनच कविता झाली. मासिकाच्या संपादकांचा फोन आला. "छान आहे बाई, पण 'असंख्य भोकं' म्हणजे काय? कवितेत नेमकेपणा हवा. मोजून बघा की."

मला पटलं. चाळण उतरवून मांडीवर घेतली आणि एकेका भोकाला खडूचा ठिपका देत मोजली. तीनशे सदुसष्ट. दोनदा मोजली; मापात माझी चूक होत नाही. ठिपके पुसले आणि ती होती तिथे टांगली.

अंक घरी आला त्या दिवशी लेकीनं बाळाला मांडीवर घेऊन, त्याच उंबऱ्यात बसून, आत्याला कविता वाचून दाखवली. मी मशीन थांबवून ऐकत होते. आपली ओळ दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा लोभ वाईट.

*ये, मोज. तीनशे सदुसष्ट भोकांतून*
*माझ्या घरातला उजेड सांडतो.*

आत्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचा हात थांबला.

"आकडा खरा आहे?"

"मोजून लिहिलाय," मी म्हणाले. जरा तोऱ्यातच.

"मग त्याला सांगूनच टाकलंस की गं, बये."

त्या दुपारी टिकटिक झाली नाही. दुसऱ्या दुपारीही नाही.

मी खिळा घेतला, हातोडी घेतली आणि चाळणीला आणखी एक भोक पाडलं. आत्याच्या समाधानासाठी, असं लेकीला सांगितलं.

तिसऱ्या दुपारी एकच टिक झाली.

मी उठून गेले. चाळण हलत नव्हती. आत लेक गाढ झोपली होती. पाळण्यात बाळ जागं होतं, पण रडत नव्हतं. त्याची उजवी मूठ वर उचललेली होती.

करंगळी उघडली. मग शेजारचं बोट. मग मधलं.

कुणी अलगद उलगडावं तशी, एका लयीत.

अंगठा झाला. मग डाव्या हाताची करंगळी.

"चौऱ्याऐंशी," मी म्हणाले.

सगळी बोटं मिटली.

थोड्या वेळानं पुन्हा उजवी करंगळी उघडली.

दहा म्हणजे काही फार नाही. म्हणून आम्ही पाळ्या लावून घेतल्या आहेत. लेक, आत्या आणि मी आळीपाळीनं पाळण्याशी बसून तोंडाला येतील ते आकडे म्हणतो. मशीनही आता तिथेच आणून ठेवलं आहे. संपादकांचं पत्र आलं. कविता वाचकांना फार आवडली. काहींनी हौसेनं आपापल्या घरच्या चाळणी मोजून आकडे कळवले आहेत, ते पुढच्या अंकात छापणार म्हणतात. मी नको म्हणून कळवलं आहे.

काल माझी पाळी होती. सुईत दोरा ओवायला वाकले आणि क्षणभर गप्प झाले. नववं बोट उघडलं होतं, तेवढ्यात मला ठसका लागला आणि बोटं मिटली.