चार हजारांच्या पुढे

दुपारचे साडेतीन वाजले असतील. फोटो स्टुडिओचे मालक आतल्या खोलीत डुलकी काढत होते आणि मी जुन्या निगेटिव्ह स्कॅन करत बसले होते. हातात पांढरे सुती मोजे. उजव्या मोज्याची तर्जनी उसवलेली. नवे मागायचा धीर मला कधी झालाच नाही. दाराची घंटा वाजली तरी दचकणारी मी.

घंटा वाजली, एक बाई आत आल्या आणि त्यांनी पाकिटातून एकच निगेटिव्ह काढली.

"माझी मुलगी. सात वर्षांची. गच्चीवर तिच्या बापानं हा फोटो काढला, आणि कॅमेरा खाली घेतोय तोवर ही कठड्यावरून..."

फोटोत पुढे नातेवाईक हसत उभे. मागे, कठड्यावर, नखाएवढी पाठमोरी मुलगी. शेजारी पाण्याची टाकी.

"हे म्हणतात, टाकीमागून कुणाचा तरी हात आलाय. बारा वर्षं तेच. टाकीमागे मी कपडे वाळत घालत होते गं... हात नाही, एवढं लिहून दे. सुटेन मी."

इंचाला चार हजार ठिपके, असं स्कॅन केलं. मुलीच्या पाठीशी नुसते फिल्मचे दाणे.

"काही दिसत नाही, काकू."

"मग लिही."

तिथेच थांबायचं होतं. मालकांचा पहिला धडाच तो: "पोरी, चार हजारांच्या पुढे फिल्ममध्ये काही नसतं. यंत्र आपलं दाणेच मोठे करून दाखवतं." पण सही माझी जाणार होती.

"एकदा खात्री करते हं," म्हणत मी आठ हजारांवर लावलं.

स्कॅनर बराच वेळ घरघरला. दाणे नुसते मोठे व्हायला हवे होते. ते सरकले... मुंग्या सरकाव्यात तसे, सावकाश, एका जागी जमत गेले. मुलीच्या पाठीवर पाच बोटं उमटली. मनगटात तांब्याचं वाकडं कडं.

तेच कडं माझ्या टेबलावर टेकलेलं होतं.

"रोज रडायची गं," बाई हळूच म्हणाल्या. "रोज... पुसता येतं ना?"

मालकांच्या खोलीकडे एकदा बघितलं. मी पुसलं. शेजारचे दाणे उचलून एकेका बोटावर बसवले. खाली लिहिलं, 'हात दिसत नाही', आणि सही केली. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. कडं गार लागलं.

"गुणाची आहेस."

निगेटिव्ह, पुसून छापलेला फोटो, चिठ्ठी घेऊन त्या गेल्या. मूळ स्कॅन तेवढा संगणकावर राहिला होता. तो काढून टाकावा म्हणून मी उघडला.

पाठीवर हात होताच. कडं मात्र नव्हतं. पांढरा सुती मोजा होता, तर्जनीशी उसवलेला.

आणि कोण आहे ते बघायला मुलीनं मान वळवायला सुरुवात केली होती.