केवळाचा टाक

दुसरेपणावर गेलेल्या बाईला घर नवं मिळतं, कष्ट मात्र जुनेच असतात. सिंधूबाईची त्याबद्दल तक्रार नव्हती. शिरड शहापूरला विधवा बहीण म्हणून भावाच्या घरी राबता राबता तिची चाळिशी आली होती. मसाजीशी पाट लागला तेव्हा तिला एवढंच हवं होतं की एक दार आपलं म्हणता यावं.

ते दार सिद्धेश्वरच्या धरणकाठी होतं. मसाजी धनगराचाच, पण चराईची रानं पाण्याखाली गेली तशी मेंढरं विकून त्यानं जाळं हाती धरलं होतं. बोलायचा कमी. माशाचे काटे काढून मऊ तुकडा तिच्या ताटात सारायचा आणि विचारायचा, "थकलीस का?" असं तिला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. त्या दोन शब्दांवर ती पार विरघळली, खोटं कशाला बोला.

त्याची पहिली बायको केवळा याच पाण्यात बुडून गेली होती. रीतीप्रमाणे सिंधूबाईच्या गळ्यात तिचा टाक बांधला: नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईची आकृती. मेलेल्या सवतीला थोरली मानायचं, जेवताना पहिला घास तिच्या नावानं काढायचा, पण तिच्याकडे कधी काही मागायचं नाही. सिंधूबाईला हे ठाऊक होतं. पण एका सकाळी अंगात कणकण होती, हात उचलत नव्हता, आणि ती टाकाला म्हणून गेली, "बाई, आज तूच बघ गं तुझ्या घराचं."

तिचा डोळा लागला. उठली तर घागरी भरलेल्या, भाकरी टोपल्यात. मसाजीनंच केलं असेल, असं तिला वाटलं. संध्याकाळी मसाजी घास मोडत म्हणाला, "लई दिसांनी अशी भाकर खाल्ली." म्हणजे भाकरी त्याच्या हातच्या नव्हत्या, तरी तिनं आणखी एक त्याच्या ताटात वाढली. आयतं मिळालेलं सुख कोण परत करतं?

मग ते रोजचंच झालं. चूल सारवलेली, फाटकं जाळं विणलेलं. घरात ओलसर वास राहायला लागला, धरण आटल्यावर गाळाला येतो तसा. हातपंपावर शेजारची शकुंतलाबाई म्हणाली, "आत्ताच तर भरून नेलंस की माय. बोललीस बी न्हाई."

सिंधूबाई रिकामी घागर घेऊन परतली.

मसाजी आता "थकलीस का?" विचारत नव्हता. तो घरात कुणाशी तरी हसून बोलायचा. ती आत आली की गप्प व्हायचा आणि आलेल्या पाहुणीकडे बघावं तसा तिच्याकडे बघायचा. ते बघणं तिच्या काळजाला लागलं.

एका दुपारी तिनं टाक गळ्यातून काढून देव्हाऱ्यात ठेवला. "बाई, पुरे आता. माझं मी करते."

झाडू घेतला, तर घर झाडलेलं. पीठ काढायला गेली, तर परातीत मळलेला गोळा, त्यावर बोटांचे ठसे अजून ताजे.

मसाजीला सगळं सांगून टाकायचं ठरवून ती काठावर गेली. उन्हानं तापलेल्या एका दगडावर बसून राहिली.

दिवस कलला तसा त्याचा तराफा काठाला लागला. मसाजी जाळं खांद्यावर टाकून वर आला आणि तिच्यापाशी थांबला.

"कुणाकडं आल्या, बाई?"

"मी सिंधू," ती म्हणाली.

त्यानं आठवून पाहिलं. अगदी मनापासून आठवून पाहिलं. माणूस वाईट नव्हता.

वर त्याच्या घरातून चुलीचा धूर निघत होता. तिकडे नजर जाताच त्याचे पाय घाईला आले.

"घरची वाट बघून राहिली," तो म्हणाला. "तुमी बी जा अंधाराच्या आत. अन् अशा भिजलेल्या काहून बसल्या? पदरातून पाणी गळून राहिलं तुमच्या."

सिंधूबाईनं त्या दिवशी पाण्यात पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं.