बुडालेला बटाटा

"थंड देशांत हिवाळ्यासाठी लोक मासे खारवायचे, कोबी मिठात दाबून ठेवायचे," क्षिप्रानं शाळेच्या प्रोजेक्टसाठी आणलेल्या पुस्तकातून वाचून दाखवलं. "बेगमी संपली, तर वसंत ऋतू येईपर्यंत उपास."

"इथे विंटरच नाही ला," वेदांत इथल्या पोरांसारखा शेवटी 'ला' लावत म्हणाला. "आजीच्या बरणीचा फोटो काढू, प्रोजेक्ट खलास."

जूनची सुट्टी होती. खालच्या मजल्यावरची क्षिप्रा सकाळीच अनुया आणि वेदांत या भावंडांकडे, मरीन परेड भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये आली होती. त्यांच्या सरोजिनीआजीनं एप्रिलमध्ये मिठाच्या पाण्यात कैऱ्या घातल्या होत्या. आजीच्या लहानपणी कोकणात पावसाळा लागला की होड्या बंद, बाजार बंद. मग चार महिने अशाच बरण्यांवर निघायचे.

अनुयानं बरणीचं फडकं सोडलं आणि ती दचकून मागे सरकली. वर पांढरा थर, खाली फेस. कैऱ्यांचा लगदा झाला होता.

आजी वाकून बघतच राहिली. सत्तर वर्षांत तिची एकही बरणी बिघडली नव्हती.

"मीठ घालायला विसरले असेन," ती हळूच म्हणाली आणि खोलीत जाऊन पडली.

तिथेच काम करत बसलेल्या बाबांनी लॅपटॉप मिटला. "मागच्या महिन्यात किल्ली विसरली, आता मीठ. सोमवारी नोव्हेनाच्या इस्पितळात स्मरणशक्तीच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तोवर तिला स्वयंपाकघरात एकटीला सोडू नका."

मुलं सुन्न झाली. आजीला तिच्याच स्वयंपाकघरात बंदी?

"दुसरी बरणी कुठे आहे?" अनुयानं एकदम विचारलं. "त्या दिवशी मीच मीठ मोजून दिलं होतं. दोन्ही बरण्यांना सारखंच."

दुसरी बरणी फ्लॅटमधल्या बॉम्ब-शेल्टरमध्ये सापडली. जाड लोखंडी दाराच्या त्या खोलीत सगळी अडगळ असायची. सुटकेसच्या मागून वेदांतनं बरणी ओढली. पाणी नितळ, कैऱ्या कडक.

"एकाच दिवशी, एकाच हातानं घातलेल्या," क्षिप्रा म्हणाली. "मग एकच का बिघडली?"

तिघं आजीच्या उशाशी गेली. "आजी, वजनकाटा नसताना मीठ पुरेसं झालं हे कसं कळायचं?"

"पाण्यात कच्चा बटाटा सोडायचा," आजी भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. "तरंगला की झालं."

शेल्टरमधल्या बरणीचं पाणी एका पातेल्यात काढलं. बटाटा वर आला. स्वयंपाकघरातल्या बरणीचं पाणी दुसऱ्या पातेल्यात घेतलं. तोच बटाटा दगडासारखा तळाला गेला.

वेदांतचे डोळे विस्फारले. "आजी विसरली नाही. कुणीतरी यात पाणी घातलंय."

"कोण ते विचारायचं नाही," अनुया कुजबुजली. "विचारलं तर कुणीच सांगणार नाही. मुद्दाम काहीतरी चुकीचं बोलायचं. ज्याला खरं ठाऊक, तो दुरुस्त करतोच."

जेवताना आजी मान खाली घालून भात चिवडत होती. अनुया मोठ्यानं म्हणाली, "क्षिप्रा, त्या बरणीत कुणीतरी पाच लिटर साधं पाणी ओतलंय."

"पाच कुठले? एकच तर बाटली," बाबा म्हणाले, आणि त्यांचा घास हातातच राहिला.

क्षिप्रानं वेदांतचा हात घट्ट धरला. ज्यांनी डॉक्टरांची वेळ घेतली, त्यांनीच?

"आईचं बीपी. तिला मीठ चालत नाही," बाबा कसंबसं म्हणाले. "एकदा ती देवळात गेली होती. मला वाटलं, थोडं खारं पाणी काढून साधं घालावं. त्यानं नासेल, हे डोक्यातच आलं नाही. आणि आज मी तिलाच..."

"प्रबोध," आजी म्हणाली, "मीठ काढलंस, तर टिकणार कशावर?"

बाबांची मान खाली गेली. "चुकलं, आई. या पोरांनी शोधलं नसतं, तर मी तुला तपासायला घेऊन गेलो असतो."

आजीनं तिघांना जवळ ओढलं. "शाबास रे माझ्या बाळांनो. मलासुद्धा माझा भरवसा उरला नव्हता."

बाबांनी फोन उचलला. "सोमवारची वेळ रद्द करतो."

"रद्द कशाला?" आजीनं भातावर आमटी वाढून घेतली. "माझं नाव काढ आणि तुझं घाल."