शिडी मागितली होती

ही गोष्ट खरी आहे. माझ्या मावसबहिणीच्या, समताच्या घरात घडलेली.

आणि आधीच सांगते, आमच्याकडे भुतंखेतं कुणी मानत नाही. मावशीच्या हॉलमध्ये बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावल्यात. त्या फ्रेमखाली बसूनच समताने मला हे सांगितलं.

रात्र नव्हती. अमावस्या वगैरे काही नव्हतं.

११ जानेवारी २०२५. शनिवार, सकाळचे सात. दिल्लीतलं मयूर विहार. खिडकीबाहेर इतकं धुकं की समोरची बिल्डिंगच गायब.

समता चहा पीत मोबाईलवर पत्ते खेळत होती. केंद्र सरकारच्या ऑफिसात चांगली सेक्शन ऑफिसर आहे, पण हा गेम उघडला की दहावीतली पोरगी होते. पाकिटं फोडायची, पत्ते जमवायचे, वीस पत्त्यांचा डेक बांधायचा. हे वेड तिच्या धाकट्या भावाने लावलेलं. धम्मपालने. तो दिल्लीबाहेर मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात होता. तिथेच खोली घेऊन राहायचा, शनिवारी घरी यायचा.

"ताई, डेक म्हणजे भेळ नाही यार," तो म्हणायचा. "एक थीम पकड आणि शेवटपर्यंत सोडू नकोस."

त्याची थीम वणवा. नुसती आग. तिची थीम गाव. कंदील, घोंगडी, सोबती असले पत्ते. आणि शिडी. शिडी टाकली की तळाशी अडकलेले दोन पत्ते वर येतात. तिचा अख्खा डेक त्या शिडीवर चालायचा. तीन महिने खपून एकच मिळाली होती.

आणखी एक. या गेममध्ये एकमेकांना काही लिहिता येत नाही. आपला एक पत्ता द्यायचा, बदल्यात एक मागायचा. समोरच्याने 'होय' किंवा 'नाही' दाबायचं. बस्स.

सात वाजून बारा मिनिटांनी आवाज आला.

सर्रर्र... पत्ता उलटल्याचा.

फोन सायलेंटवर होता.

धम्मपालची विनंती होती. त्याने 'धुकं' दिलं होतं, 'कंदील' मागितला होता. समता हसली. वणव्याच्या डेकमध्ये कंदील? तिने होय दाबलं.

सर्रर्र...

'पडकी भिंत' दिली. 'घोंगडी' मागितली. होय.

सर्रर्र...

'कडुनिंब' दिला. आणि मागितली... शिडी.

"आई, तुझा लेक लुटायला निघालाय मला!" समता स्वयंपाकघराकडे बघून ओरडली.

"देऊन टाक ना, लहान आहे," कौसल्यामावशी आतून म्हणाली.

समताने 'नाही' दाबलं.

हसत हसत दाबलं. हे ती मला तीनदा सांगते. 

त्या शनिवारी धम्मपाल घरी आला नाही.

फोन बंद. त्याच्या खोलीतला साकेत म्हणाला, नाइट शिफ्ट संपल्यावर कंपनीच्या बसने त्याला सातच्या आत खोलीजवळच्या मोडावर, म्हणजे वळणावर सोडलं. तिथून खोली दहा मिनिटं. पण तो पोचलाच नाही.

चौकीवर समताने गेम दाखवला. धम्मपालच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. ऑनलाइन.

"लड़का तो गेम खेल रहा है, मैडम," हवालदार म्हणाला. "घर से रूठा होगा। आ जाएगा।"

खरं सांगू? त्या ठिपक्याने घरच्यांनाही फसवलं. समताचे बाबा, अतुलकाका, दिवसभर तेवढंच विचारायचे, "आहे ना गं हिरवा?" मावशी रोज एक ताट जास्त वाढायची आणि झाकून ठेवायची. ठिपका आहे म्हणजे पोरगा आहे. रुसलाय, दमलाय, पण आहे.

आणि समता... ती शिडी पाठवत राहिली.

बदल्यात काहीही मागायची. सगळ्यात फालतू पत्ता. "घे रे," फोनला म्हणायची, "घे ना, चूक झाली माझी." मेट्रोत, ऑफिसात, अंघोळीच्या आधी, अंघोळीनंतर.

दरवेळी उत्तर यायचं. लगेच.

नाही.

नाही.

नाही.

सहाव्या दिवशी, गुरुवारी, समता रजा घेऊन घरीच होती. दुपारी चार वाजता घरात एकदम शांत झालं. पंखे थंडीमुळे बंदच होते, पण फ्रिजची घरघरही थांबली. खालच्या भाजीवाल्याची हाक अर्ध्यात तुटली.

सर्रर्र... या वेळी ओला आवाज. भिजलेला कागद सोलल्यासारखा.

त्याने 'काळं पाणी' दिलं होतं. आणि मागितलेल्या पत्त्याची जागा... रिकामी.

असं गेममध्ये होतच नाही. काही मागितल्याशिवाय विनंती जातच नाही.

समताने होय दाबलं. मग त्याने पाठवलेले पत्ते आले त्या क्रमाने लावले. नाकारलेला कडुनिंबसुद्धा कागदावर लिहिला. धुकं. पडकी भिंत. कडुनिंब. काळं पाणी.

तिने साकेतला फोन लावला. नंबर दोनदा चुकला.

"साकेत, तुम्हारे मोड़ पर कोई टूटी दीवार है क्या?"

"है ना दीदी। उधर से शॉर्टकट मारते हैं सब।"

"आगे नीम का पेड़?"

 तो हळूच म्हणाला, "दीदी... उसके पीछे पानी की पुरानी टंकी है। ज़मीन के अंदर वाली।"

टाकीला झाकण नव्हतं. आत उतरायला कधीकाळी लोखंडी शिडी होती. तिचे फक्त वरचे दोन खिळे उरले होते.

धम्मपाल आतच होता.

फोन त्याच्या खिशात, पाण्यात. टॉवरची नोंद नंतर आली. फोन बंद पडला शनिवारी सकाळी सात वाजून चार मिनिटांनी.

समताला पहिली विनंती आली होती सात बाराला.

"मी शिडी दिली असती तर?" ती विचारते. आम्ही सगळे समजावतो. डॉक्टर म्हणाले की पडता क्षणीच डोक्याला लागलं, काही उपयोग नव्हता. अकाउंट कुणीतरी हॅक केलं असेल, असंही मी म्हणून बघितलं. ती ऐकून घेते. आणि म्हणते, "मग मागितली का त्याने?"



धम्मपालच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या दिवशी भंतेजी वंदना म्हणत होते. सगळे डोळे मिटून बसलेले. आणि समताच्या पर्समधून आवाज आला.

सर्रर्र...

मीही ऐकला. मी तिच्या शेजारीच होते.

धम्मपालची विनंती. त्याने त्याचा सगळ्यात भारी पत्ता दिला होता, 'वणवा'. ज्याला तो कुणाला हातही लावू द्यायचा नाही, तो.

आणि मागितला होता... 'सोबती'.

ती विनंती आजही तशीच आहे. मी पाया पडून सांगितलं, गेम काढून टाक. मावशी म्हणते, फोनच फेकून दे. समता तो उशाशी घेऊन झोपते. हिरवा ठिपका बघितल्याशिवाय तिला झोप येत नाही.

होय दाबलं तर काय होईल, कुणास ठाऊक.  पण मला खरी भीती वेगळीच वाटते.

तिने त्याला एकदा 'नाही' म्हटलंय. दुसऱ्यांदा तिच्याने म्हणवणार नाही.