झुंबराचा तळचा गोळा

सहायक फौजदार अजिनाथ गावडे यांनी डबा उघडला आणि फोन वाजला. भाकरी मोडायच्या आधीच. इतक्या वर्षांत याचा राग यायचा बंद झाला होता, आता नुसता शीण यायचा.

"भुसार व्यापारी मल्लप्पा हलकुडे यांच्याकडं चोरी झालीय, साहेब. झुंबराचा गोळा गेला."

"कसला गोळा?"

"काचेचा."

अजिनाथांनी डबा पुन्हा लावला. चैत्रातलं सोलापूरचं ऊन, गुडघा कुरकुरतोय, आणि म्हणे काचेचा गोळा शोधा. कपाळ आमचं!

हलकुड्यांच्या दिवाणखान्यात छताला नुसता आकडा उरला होता. झुंबर खाली चादरीवर सुटं पडलं होतं. पितळी दांडी, काचेच्या बाह्या, हंड्या, लोलकांच्या माळा. भोवती पुठ्ठ्याची खोकी आणि कागदाच्या कातरणांचा ढीग.

"आजोबांच्या वेळचं आहे," मल्लप्पा घाम पुसत म्हणाले. "हैदराबादच्या एका हॉटेलानं घेतलंय. उद्या गाडी येणार. तळचा गोळा नसला तर ते लोक झुंबराला हात लावणार नाहीत."

"संशय कुणावर?"

उत्तर मल्लप्पांच्या बायकोनं, चंद्रिकानं दिलं. "संशय कशाला हवा? सुंदरम्मानंच धुतला तो. संध्याकाळी खोली झाडून तीच शेवटी गेली. सकाळी आम्ही तिच्या घरी जाऊन सगळं उलटंपालटं केलं."

"सापडला?"

"नाही. विकला असेल."

दाराशी घरकामाची सुंदरम्मा बसली होती. तोंडाला पदर लावून. रडून झालं होतं तिचं.

अजिनाथांनी आधी प्रभूला गाठलं. झुंबर उतरवायला आणलेला कारागीर तो. बोलायला मोकळा होता, पण भेदरलेला.

"आधी काय काढलंस?"

"तळचा गोळाच, साहेब. दांडीच्या टोकाला आटे असत्यात, तितं बसतोय त्यो. त्यो उतरवला की मग समोरासमोरच्या बाह्या जोडीनं काढायच्या. एकाच अंगाच्या काढल्या तर झुंबर कलतंय."

"गोळ्याचं काय केलंस?"

"सुंदरम्मानं धुऊन दिला, मी खोक्यात ठिवला. चिकटपट्टी तेवढी सकाळी मारायची ठरलं. सकाळी खोकं उचललं, तर हलकं लागलं की!"

"हे काय?" शेजारच्या वाटीत चकचकीत कड्या होत्या.

"माळा अडकवायच्या कड्या. चांदीच्या हायत."

"एखादी कमी?"

"न्हाय. सगळ्या हायत."

अजिनाथांनी ते रिकामं खोकं पुढ्यात ओढलं. कातरणं बाजूला केली. तळाशी मूठभर ज्वारी होती. निवडलेली, स्वच्छ, एक खडा नाही.

"भुसारवाल्याचं घर हाय साहेब," प्रभू म्हणाला. "ज्वारी कुटं सापडायची न्हाय हितं?"

ते खरंच होतं. अजिनाथांनी चार दाणे तळहातावर घेतले, बघितले आणि परत टाकले.

मग घर बघितलं. स्वयंपाकघर, माळा, कपाटं, पलंगाखाली. देवघराच्या दाराशी मल्लप्पा आडवे झाले. "इथं अव्वा, माझी आई, पूजा करते. आंघोळ केल्याबिगर घरातलंही कुणी आत जात नाही. सुंदरम्मानं तर कधी उंबरा ओलांडलेला नाही. इथं काय बघायचं?"

अजिनाथ सकाळपासून उन्हात होते, अंगाला घामाचा वास येत होता. ते मुकाट्यानं पुढं गेले.

मागच्या अंगाला एके काळचा गोठा होता. आता तिथं स्कूटर लावत. भिंतीवर खुंट्यांची रांग आणि एकेका खुंटीला एकेक दावं. जुनी, काळवंडलेली, पण नीट गुंडाळून ठेवलेली.

"गुरं हायत का?"

"कुठली आता? केव्हाच विकली," मल्लप्पा म्हणाले.

मल्लप्पांची आई गौरम्मा सोप्यात वाती वळत बसली होती. कपाळावर भस्माचे पट्टे, नजर खाली.

"आजी, झुंबर विकायचं पटलं का तुम्हाला?"

"पोरगा कर्ता हाय. मला कोण इचारतंय?"

"काल दिवेलागणीनंतर कुटं होता?"

"पूजेला. आनि कुटं असनार?"

"गोळा कुणी नेला असंल? सुंदरम्मानं?"

"मी कुनाचं नाव घेत न्हाय बाबा." तिनं नवा कापूस ओढला.

शेवटी ते सुंदरम्मापाशी आले. उभं राहवेना, म्हणून तिच्या शेजारीच पायरीवर बसले.

"बाई, खरं सांगा."

"खरंच सांगतीया साहेब. ह्या घरातली कपबशी जरी फुटली तरी मी आपणहून सांगत आले. सकाळी ह्ये दोघं आले, माझी पेटी दारात उघडली. सगळी गल्ली बघत हुती. रविवारी पोरीला बघायला मंगळवेढ्याची मानसं येनार हायत. गल्लीत इचारपूस करत्यालच की. कोन सांगनार त्यास्नी, की हिची आई चोर न्हाय म्हनून?"

अजिनाथ गुडघ्यावर हात टेकून उठले. त्यांना राग आला होता, आणि या वयात राग आला की आणखीच थकायला होतं.

त्यांनी सगळ्यांना सोप्यात बोलावलं.

"मल्लप्पा, आंघोळ झालीय?"

"झालीय. का?"

"मग देवघरात जा आणि गोळा घेऊन या."

गौरम्माची वात हातातच राहिली. चंद्रिका म्हणाली, "काय बोलताय तुम्ही?"

"सांगतो. चोरानं चांदीच्या कड्या तिथंच ठेवल्या आणि आटे असलेला काचेचा गोळा नेला. एकटा गोळा बाजारात कोण घेणार? म्हणजे हे विकायसाठी नव्हतं. दुसरं, खोक्यातली ज्वारी. सांडलेली असती तर कातरणांच्या वर असती, केरासकट असती. ही निवडून घेतलेली, कातरणांच्या खाली, मूठभर. शेजारणीचं भांडं परत करताना आपल्याकडं बायका रिकामं देत नाहीत. कुणीतरी गोळा काढला आणि ते खोकंही रिकामं ठेवायला हात धजला नाही. चोराला असलं कशाला सुचतंय?"

"ते सुंदरम्मालाही सुचलं असेल की," चंद्रिका म्हणाली.

"सुचंल. पण गोठ्यातली दावी कुणी जपलीत? आम्ही मेंढरं-गुरं राखणारी माणसं, आम्हाला सांगावं लागत नाही. जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. दाव्याबरोबर घरची लक्ष्मी जाते म्हणतात. तसंच ज्या दिव्यानं घराला उजेड दिला, तो अख्खा दारातून जाऊ द्यायचा नाही, काहीतरी मागं ठेवायचं. हे कुणाला वाटंल? ज्याच्या घरचा दिवा, त्याला. सुंदरम्माला काय मागं ठेवायचंय? तिचं होतं काय त्यात? आणि तुम्ही तिची पेटी दारात उघडलीत, पण स्वतःचं देवघर सोडलंत."

मल्लप्पा आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात लाल खणात गुंडाळलेला गोळा होता. काचेवर भस्माची तीन बोटं ओढलेली.

"अव्वा!"

"मग काय करू?" गौरम्मा एकदम उसळली. "सांगितलं असतं तर काढून घेतला असतास की रे! ह्या उजेडात माझं लगीन झालं. तुझा बाप गेला तवा त्याला हितनंच उचललं. सगळंच विकून मोकळा हुतोस!"

"आजी, ते तुम्ही मायलेक बघा," अजिनाथ म्हणाले. "सकाळपासून तुमच्यासमोर हिला चोर म्हणतायत. एक शब्द बोलला असतात तर भागलं असतं."

गौरम्मानं सुंदरम्माकडं बघितलं नाही. "तिला काय हुतंय? गरिबाचं दोन दिवसांत लोक इसरून जात्यात."

प्रभूनं मान खाली घातली.

सुंदरम्मा उठली. "साहेब, तुमी माझ्या गल्लीत येऊन सांगा. पोलिसाचं ऐकत्यात लोक."

"मी येतो. पण सांगणार मी नाही," अजिनाथ म्हणाले. "पेटी गल्लीसमोर उघडली, तर हेही गल्लीसमोरच होऊ दे. मल्लप्पा, गाडी काढा. आईला घ्या."

"भर उन्हात? तिच्या वयाला?"

"नाहीतर ठाण्यात चला. तिथं पंखासुद्धा चालत नाही."

गल्लीत गाडी शिरली तशी दारादारातून माणसं बाहेर आली. गौरम्मा मुलाचा हात धरून उतरली. चार पावलं गेली आणि थांबली. मल्लप्पा काही बोलायला लागले, तर तिनं त्यांचा हात झटकला. आवाज निघाला तो खणखणीत.

"ऐका गं बायांनो. सुंदरम्मानं काय बी घेतलं न्हाय. गोळा मीच लपवला हुता. हिला चोर म्हनत हुते तवा मी गप बसले. चोर मी हाय."

कुणीतरी "अय्यो" म्हणालं. सुंदरम्मा घरात गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिनं तो गौरम्मापुढं धरला. म्हातारी घटाघटा प्यायली. तांब्या परत देताना तिनं सुंदरम्माचं मनगट धरलं.

"उद्या येशील न्हवं?"

"न्हाय अव्वा," सुंदरम्मा म्हणाली. "दुसरी बाई बघा."

तिनं हात सोडवून घेतला, आत गेली आणि रविवारच्या पाहुण्यांसाठी घर सारवायला शेण कालवू लागली.